आठशे बारा व्हायरस

सकाळी साडेअकराला आकडा सातशे नव्वदवर होता आणि भिवंडीजवळच्या राहनाळच्या तरुण मंडळाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. चौघे ड्युटीला दांडी मारून आले होते, गिरणीकडे निघालेल्या दोन बाया डोक्यावरचे डबे न उतरवता दारातच थांबल्या होत्या, आणि पार्वतीआजी तर चपला बाहेर काढून आत शिरली होती. मधोमध टेबल, टेबलावर मंडळाचा संगणक, संगणकाच्या गळ्यात झेंडूची माळ आणि समोर हरेशगुरू. डोळे मिटलेले, उजवा हात पडद्यापासून चार बोटं अधांतरी.

"निघ," हरेशगुरू संगणकाला दरडावत होता. "बाहर आ. सब के सब बाहर आ."

टुंग. सातशे एक्याण्णव. टुंग. सातशे ब्याण्णव. प्रत्येक टुंगला पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल खिडकी उघडायची, 'व्हायरस पकडला' असं सांगायची आणि मिटायची.

"बाय बाय बाय," पार्वतीआजी पुटपुटली. "येवढ्याशा डब्यान येवढी भुतं."

"भुतं न्हाय आजी, व्हायरस," गुरूने डोळे न उघडता दुरुस्ती केली. "भूत एकटं असतं. याची फॅमिली असते."

नेत्रा खिडकीपाशी उभी होती. खिडकीच्या गजाला जुन्या साडीची झोळी बांधलेली, झोळीत तिची आठ महिन्यांची लेक आणि झोळीच्या काठावर नेत्राचा हात. लग्नाआधी ती एका गोदामाच्या ऑफिसात माल आत-बाहेरची नोंद ठेवायची. लेक झाल्यावर ती नोकरी सुटली. आता लेक झोपते तेवढा वेळ ती इथे पोरींना संगणक शिकवी, त्यांचे फॉर्म भरून देई. टुंग झालं की झोळीतलं इवलं पाऊल दचकायचं, बोटं पसरायची, पुन्हा मिटायची. इतक्या वेळा दचकूनही पोर जागी झाली नव्हती. नेत्राच्या मते त्या खोलीतला खरा चमत्कार तेवढाच होता.

हरेशगुरूचा बाप भगत होता. टेम्पोला लिंबू, लूमला काळी बाहुली, तान्ह्याला काळा दोरा, असा त्याचा पसारा. हरेशने धंदा बदलला नाही, फक्त गिऱ्हाईक बदललं. भिवंडीत कसल्याशा कॉम्प्युटर क्लासला जाऊन दुसऱ्याच महिन्यात तो गुरू होऊन परतला. नेत्राने मंडळाच्या संगणकावर एक साधासा अँटिव्हायरस घातलेला होता. गुरूने तो पाहिला आणि कुणाच्या अंगावर फाटका सदरा बघावा तसा तो कळवळला.

"एक? फक्त एक? घराला देव एकच असतो का? गावदेवी हाय, कुलदैवत हाय, वेशीवरचा हाय. मग यंत्राला एकच राखणदार कसा पुरेल?"

बिनतोड युक्तिवाद. मंडळाने मान डोलावली आणि महिन्याभरात संगणकावर आणखी चार अँटिव्हायरस बसले. याचं नाव पंचकवच. दुसरा बसताच यंत्र मंदावलं. गुरू म्हणाला, बाधा जोर करते हाय. तिसरा बसला तेव्हा एक पान उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. गुरू म्हणाला, आता ती घाबरली. पाच झाल्यावर यंत्र जवळजवळ थिजलंच, तेव्हा गुरूने हात जोडून सांगितलं, की ही समाधी.

आणि एक नियम सांगितला: बसवलेला राखणदार काढायचा नाही, तो कोपतो. हे गावाला समजावून सांगायची गरजच नव्हती. हळदीला धवलारीण गाऊन देवांना आवतण देते, ती गावदेवीपासून पार समुद्रापल्याडच्या देवापर्यंत सगळ्यांची नावं घेते. एकही गाळत नाही. गाळलं तर रुसवा आला. मग आवतण देऊन बोलावलेल्याला उठवून लावायची हिंमत कोण करणार?

पण आज त्या समाधीशी करिष्माची गाठ होती. करिष्मा म्हणजे गोदामाच्या गेटवर ड्युटी करणाऱ्या लडकूदादाची मुलगी. तिचा नर्सिंगचा फॉर्म संध्याकाळी पाचपर्यंत भरायचा होता. मूळ कागद जुन्या कॉलेजात जमा, आणि त्यांचे स्कॅन या एकाच संगणकात. काल संध्याकाळपर्यंत ती फाइल होती. आज सकाळी नव्हती.

"बाधेनं गिळली," हरेशगुरूने निदान केलं. "सहावं कवच लागंल. मग फुल स्कॅन. दोन दिवस."

"दोन दिवस कुठले, सर? आज पाचला बंद होतंय," करिष्मा म्हणाली.

"बाळा, आरोग्य महत्त्वाचं का फॉर्म?"

"फॉर्म आरोग्याचाच हाय," करिष्मा म्हणाली. दारातल्या बाया हसल्या, गुरू हसला नाही.

लडकूदादा गणवेशातच भिंतीला टेकून उभा होता. "ऱ्हाऊ दे, करिष्मा. परवापासून गोदामात लेबलं लावायला ये. सुपरवायझरला मी सांगून ठेवलाय. पुढच्या वर्षी बघू."

 करिष्माने नेत्राकडे पाहिलं. पुढच्या वर्षी बघू म्हणून लेबलं लावायला गेलेल्या पोरी नेत्राने त्या गोदामात बघितल्या होत्या. काहींची पाच पाच वर्षं झाली होती, आणि ते पुढचं वर्ष अजून यायचंच होतं.

टुंग. आठशे बारा. तिथे यंत्र थिजलं, आकडाही.

नेत्राने झोळीवरचा हात काढला. "सर, एक विचारू? हे आठशे बारा आले कुठून? मागच्या महिन्यात फॉर्म भरण्याशिवाय इथे काही झालेलं नाही. फक्त एकदा लग्नाचे फोटो बघायला कुणीतरी पेनड्राइव्ह लावला होता. त्यात एक व्हायरस होता, तो माझ्या अँटिव्हायरसने धरला होता. एक. मग हे वरचे आठशे अकरा?"

"ते आधीपासून असतात, वहिनी. प्रत्येक यंत्रात. जन्मजात. तुमच्या एकट्याला दिसत नव्हते, पाचांना दिसले."

"नव्या कोऱ्या यंत्रात पण असतील?"

"असणारच," गुरू म्हणाला. खोली भरलेली होती आणि भरल्या खोलीत गुरूला नाही म्हणता येत नाही.

"मग नाना, तो लॅपटॉप काढा."

मंडळाचे अध्यक्ष केसरीनाथ नाना दचकले. देणगीत आलेला लॅपटॉप त्यांनी पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन करायचं म्हणून सीलबंद खोक्यात, वर कुंकू लावून, कपाटात ठेवला होता. "सूनबाय, त्याचा मुहूर्त हाय."

"मुहूर्ताला आत आठशे बारा निघाले तर पाहुण्यांसमोर शोभेल का?"

नानांनी किल्ली काढली.

खोकं सगळ्यांसमोर फुटलं. नेत्राने आपला पहिला अँटिव्हायरस त्यावर घातला, नंतर नेट बंद केलं आणि ते बंद आहे हे शाळेतल्या पोराला दाखवावं तसं पार्वतीआजीला दाखवलं. स्कॅन. शून्य.

"हात फिरवा ना सर."

हरेशगुरूने हात फिरवला. शून्य. दुसरा हात फिरवला. शून्य शून्यच राहिलं.

"एकट्याला दिसत न्हाय, बोललो ना मी," गुरू म्हणाला.

"बरं. आता मी याला मुद्दाम चोर देते." नेत्राने टेबलाच्या खणात पडलेला तोच लग्नाचा पेनड्राइव्ह काढून लावला. टुंग. एक. व्हायरस पकडला, क्वारंटाइनच्या कोठडीत टाकला. तिने पेनड्राइव्ह काढून करिष्माच्या हातात दिला. "धर. सगळ्यांना दाखव. आता बाहेरून काही येत नाही. आत एक चोर आहे आणि तोही कुलूपबंद. बरोबर? सर, तुमचं दुसरं कवच घाला."

गुरूला घालावंच लागलं. खिशातल्या पेनड्राइव्हवरून त्याने दुसरा अँटिव्हायरस चढवला, आणि चढता चढता ओठ हलवले. 

टुंग. दोन.

"बघा," गुरूचा चेहरा उजळला.

टुंग. तीन. टुंग. चार. नेत्राने गुरूला खुर्चीवरून उठवून पार दाराशी नेऊन उभं केलं, दोन्ही हात पाठीमागे. "आता कुणीच हात फिरवत नाही. बघा." टुंग. पाच. टुंग. सहा. सात. पार्वतीआजीने जोडलेले हात हळूच सोडले आणि पदराला पुसले.

"नावं वाचा, नाना. पकडलेल्या चोराचं नाव."

नानांनी चष्मा नाकावर ओढला. एक एक अक्षर लावत वाचलं. दुसऱ्याचं वाचलं. तिसऱ्याचं. "अरे, हा तर एकच हाय. तोच तो."

"तोच तो," नेत्रा म्हणाली. "पहिल्याने पकडून कोठडीत टाकला. दुसरा आला, त्याने सगळं घर धुंडाळलं, त्याला पहिल्याच्या कोठडीत चोर दिसला. त्याने बाहेर ओढला, स्वतःच्या कोठडीकडे नेला. पहिल्याला वाटलं, अरे, घरात चोर शिरला. त्याने परत धरला..."

खोलीला अर्धं कळलं, अर्धं नाही. भिंतीला टेकलेला लडकूदादा मात्र सरळ झाला.

"थांब थांब. गेल्या दिवाळीला आमच्या शेठनी हेच केलेला. चोरी नको म्हणून एका गेटवर दोन एजन्सीचे गार्ड. हा त्याला विचारतो गेटपास, तो याला विचारतो गेटपास. ट्रक आला का एक बोलतो जा, दुसरा बोलतो रुक. दुपारपर्यंत गाड्यांची लाइन हायवेला. आन वही बघशील तर दोघांनी मिळून संशयित पकडले एकवीस." तो थांबला. "त्यातले वीस आमीच. एकमेकांना."

सगळी खोली हसली, करिष्मासुद्धा. लडकूदादा हसला नाही. तो जुन्या संगणकापाशी गेला, झेंडूच्या माळेखालच्या आकड्याकडे बघत राहिला.

"म्हणजे हे आठशे बारा चोर न्हाय. एक चोर, आठशे बारा वेळा पकडलेला."

"हो."

"आन पोरीचा कागद?"

"पाच गार्ड उभे असले की एखादा आपल्याच घरच्या माणसालाही धरतो. कुठल्यातरी कोठडीत असेल. पण पाचही जण एकमेकांवर धावताहेत तोवर मला दारच उघडता येत नाही. चार जण घरी पाठवावे लागतील."

"काढलं तर कोपंल," पार्वतीआजी कुजबुजली. नाना गुरूकडे बघू लागले. गुरूने संधी साधली.

"जबाबदारी माझी न्हाय. नंतर मला बोलवू नका."

"न्हाय बोलवत," लडकूदादा म्हणाला. "सूनबाय, काढ. कोपला तर माझ्यावर कोपूं दे. बारा तास गेटवर उभा असतो मी, माझा पत्ता त्याला सोपा हाय."

दीड वाजता नेत्रा बसली. आधी पाचही कोठड्यांच्या याद्या एक एक करून उघडल्या. थिजलेलं यंत्र दर क्लिकला विचार करत बसे. तिसऱ्याच्या यादीत, लग्नाच्या फोटोंच्या चोराच्या शेजारी, करिष्माचे कागद सापडले: दहावी, बारावी, दाखला. गुन्हा काय, तर पाचजणांनी चाळता चाळता फाइल मध्येच बदललेली दिसली, म्हणून संशय. ते बाहेर काढले, आणि मग एकामागून एक चार अँटिव्हायरस काढायला घेतले. प्रत्येकाने निरोप घेताना तीच धमकी दिली, की मी गेलो तर तुम्ही असुरक्षित. नेत्राने प्रत्येकाला हो म्हटलं.

शेवटच्याने यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायला लावलं, तेव्हाच झोळी हलली. लेक जागी झाली, भुकेली. सव्वातीन झाले होते. नेत्राने तिला उचलून पदराखाली घेतलं आणि पडद्याकडे पाठ करून कोपऱ्यात बसली. पोरीने एक मूठ तिच्या बांगड्यांत अडकवली, डोळे वर करून आईकडे बघत पिऊ लागली. जगात काही घाई असते हे तिला ठाऊकच नव्हतं. मागे यंत्र सुरू होत होतं आणि बायांनी न सांगता मध्ये उभं राहून आडोसा केला होता.

"वहिनी," करिष्मा मागून म्हणाली, "पान उघडलं. लगेच. चहा नाही, काही नाही."

"मग भर. तुला येतं. मी इथूनच सांगते."

करिष्माने भरला. कागद चढले, सही चढली. चार वाजून अठरा मिनिटांनी पडद्यावर अर्जाचा क्रमांक आला. लडकूदादाने तो हातावर पेनाने उतरवून घेतला, मग गेटवर परत जाताना सुपरवायझरला फोन लावला आणि म्हणाला, "लेबलवाली दुसरी कोन बघा."

हरेशगुरू केव्हा गेला ते कुणी पाहिलं नाही. शेलार गावातल्या एका दुकानात हल्ली म्हणे तो षट्कवच बसवतो. तिथली मंडळी हात जोडतात, आकडा वाढतो, यंत्र समाधीला जातं. त्यांना कुणी भेटलं तर एवढं सांगावं. संगणकाला पहारेकरी हवाच, पण एक आणि जागा. म्हणजे वेळच्या वेळी अपडेट केलेला. दुसरा बसवायचा तर आधी पहिल्याला निरोप द्या. त्यात कोपण्यासारखं काही नाही, तो देव नाही, हिशेबाने लिहिलेला प्रोग्रॅम आहे. आणि कुणी मोठा आकडा दाखवून भीती घालू लागला, मग तो व्हायरसचा असो, बाधेचा असो की नवसाचा, तर हात जोडायच्या आधी त्याच हातांनी चष्मा नाकावर ओढावा आणि यादीतली नावं वाचावीत.