जुम्म्याची शिकवणी

मी तेलार बोलतोय. गोंधळू नका, मी स्पेनचा नाही, पक्का भिवंडीकर आहे. इथे मला सगळे लूम म्हणतात, म्हणजे कापड विणणारा यंत्रमाग. तेलार हे माझं स्पॅनिश नाव, अफीफाने दिलेलं.

माझे मालक गुलाम हुसेन, सगळ्यांचे दादा. त्यांच्या ऐन तरुणपणी मी या शेडमध्ये आलो आणि तेव्हापासून अस्तर, शर्टिंग, मिळेल ते विणत आलो. सावळाराम मला चालवतो. माझा आवाज फार मोठा, हे मान्य. त्यामुळे शेडमध्ये कोणी बोलत नाही, सगळे बोंबलतात. घरी जेवताना मीठ मागितलं तरी शेजाऱ्याला ऐकू जातं.

अफीफा ही मालकांची नात. पडघ्याच्या एका गोदामातून स्पेनला माल जातो आणि तिथल्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायला माणूस हवंय, असं तिला कळलं. झालं, पोरीने मोबाइलवरून स्पॅनिश शिकायला घेतलं. पण चुकलं की घरचे हसायचे. मग ती माझ्याशेजारी येऊन बसू लागली. माझ्या खडखडाटात तिच्या चुका कोणाला ऐकू जाणार?

माझ्या ठेक्यावर ती क्रियापदं पाठ करायची. यो आब्लो, मी बोलते. तू आब्लास, तू बोलतोस. एया आब्ला, ती बोलते. खट्टक, खट्टक, खट्टक. स्पॅनिशमध्ये प्रत्येक वस्तू तो तरी असते नाहीतर ती, ‘ते’ला तिथे जागाच नाही. तेलार पुल्लिंगी निघाला, तेव्हा मला उगाच रुबाब चढला. ‘मे गुस्ता एल ते’ तर तिला लगेच जमलं. मला आवडतो चहा. अगदी आपल्यासारखंच.

“काय बोलतं पोर, मना काय कलत न्हाय,” सावळाराम म्हणायचा, “पन आयकाला बरा वाटतं.”

मुलाखत ठरली जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी दुपारी, व्हिडिओ कॉलवर. जुम्म्याला भिवंडीत लूम बंद. शेडमध्ये शांतता असते म्हणून अफीफा सवयीने माझ्याजवळच बसली. गोदामाला एकच माणूस हवं होतं. आज हुकलं तर पुन्हा कधी, कोण जाणे.

स्पेनची बाई पडद्यावर आली आणि अफीफा गरजली, “ओला! मे यामो अफीफा!”

बाईंनी कानातलं यंत्र काढून हातात घेतलं.

नमाजहून परतलेले दादा दारातून म्हणाले, “अगो, लूम बंद हाय.”

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. ती ओशाळली, मग भराभर पुटपुटायला लागली आणि वाक्यं अर्ध्यावर सोडू लागली. ठेका नाही, तर शब्दही नाहीत. “मास देस्पासिओ,” बाई म्हणाल्या. सावकाश बोल. माझा जीव नुसता तडफडत होता.

दादांना स्पॅनिशचं अक्षर कळत नाही. पण ते माझ्यापाशी आले आणि त्यांनी माझं चाक हाताने फिरवलं, अगदी हळू. बटणाला हात लावला नाही, जुम्म्याचा नियम त्यांनी कधी मोडलेला नाही. टक... टक... अफीफाने श्वास घेतला. यो आब्लो, तिने हळूच सुरू केलं. माझ्या चालीने, सावकाश, ती बोलत गेली.

“के एस एसो?” बाईंनी विचारलं. तो आवाज कसला?

तिने मोबाइल माझ्याकडे वळवला. “एस मी तेलार. मी माएस्त्रो.” हा माझा लूम. माझे मास्तर.

नोकरी लागली. त्या दिवशी मला तेल न घालताच गुळगुळीत वाटत होतं.

आता शेडमध्ये नव्या मशिनी यायच्या आहेत आणि भंगारवाला मला दोनदा पाहून गेलाय. तक्रार नाही, भरपूर विणलं. पण अफीफा हल्ली इतकं हळू बोलते, की मी चालू असताना मला तिचा शब्द ऐकू येत नाही. म्हणून ती जुम्म्याला येते. ड्युटीवरून परतली की माझ्याशेजारी बसते आणि आठवड्यात शिकलेलं सगळं मला सांगते.

तेव्हा दादा, टेम्पो बोलवायचाच असेल तर बोलवा. फक्त जुम्म्याला नको. त्या दिवशी माझी शिकवणी असते.