रक्तदाबाचा पट्टा

दिल्लीच्या द्वारकेतले डॉ. अविनाश देवस्थळी एकतीस वर्षं एकाच दवाखान्यात बसत होते आणि आपला पेशंट आपल्याला पुरता कळतो, याबद्दल त्यांना तसूभरही शंका नव्हती. पाच मिनिटांत पेशंट हातावेगळा करण्यात त्यांचा हातखंडा होता. एकाचं प्रिस्क्रिप्शन लिहून होईपर्यंत कंपाउंडर पुढच्याला आत आणून खुर्चीत बसवत असे. त्यामुळे एवढ्या वर्षांत डॉक्टरांनी एकाही पेशंटला धड चालताना पाहिलं नव्हतं.

त्या सकाळी सरलाताई हर्डीकरांबरोबर त्यांची मुलगी स्वरूपाही आली होती. केंद्रीय मंत्रालयातून निवृत्त झालेल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या सरलाताई दुसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या घरात एकट्या राहायच्या.

"डॉक्टर, आता तुम्हीच सांगा हिला," स्वरूपा म्हणाली. "बाथरूममध्ये बसली ती उठूच शकली नाही. शेजारच्यांनी काढलं बाहेर. गुडगावला आम्ही हिची खोली तयार केलीय. ही बिल्कुल ऐकत नाही, पण तुमचं ऐकेल."

सरलाताई पर्सचा बंद घट्ट धरून बसल्या होत्या. "माझं घर आहे ते," त्या एवढंच म्हणाल्या.

डॉक्टरांचं वाक्य तयार होतं: वय झालंय, जा मुलीकडे. ते बोलण्याआधी रक्तदाबाचा पट्टा बांधायला म्हणून त्यांनी सवयीने सरलाताईंचा दंड हातात घेतला. पट्टा पूर्वी जेमतेम पुरायचा. आज त्याचं टोक पार दंडामागे गेलं. आणि हे आजचं नव्हतं. दर महिन्याला तो थोडा थोडा जास्त गुंडाळावा लागत होता. हाताला कळत होतं, डॉक्टर मात्र आकडा बघून "प्रेशर फर्स्ट क्लास, वजन बावन्नच, शाब्बास!" म्हणून मोकळे होत होते. दंडा-मांड्यांचे स्नायू जाऊन पोटावर चरबी आली तरी काटा बावन्नच दाखवणार, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"सरलाताई, हात न टेकता उठा बघू."

त्यांनी दोनदा जोर लावला. जमलं नाही. तिसऱ्यांदा हात आपोआप खुर्चीच्या दांड्यांवर गेले आणि डोळे भरून आले.

"बघितलंत ना?" स्वरूपा म्हणाली.

"बघितलं. दोन वर्षं उशिरा." डॉक्टरांनी फाइल मागे उलटली. दोन वर्षांपूर्वीच्या डेंग्यूनंतर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: संपूर्ण आराम. तो कधी संपवायचा, हे लिहायचं राहिलं होतं. बाईंनी बाजार सोडला, जिना सोडला, रात्री चहा-टोस्टवर भागवायला लागल्या. डॉक्टरांना मनापासून लाज वाटली. "चूक माझी आहे. मला तीन महिने द्या. खोली काही पळून जात नाही."

पण लाज उराशी धरून बसणारा हा माणूस नव्हे. दुपारीच ते खालच्या मजल्यावरच्या फिजिओथेरपिस्ट देवयानीकडे गेले. ती त्यांच्या निम्म्या वयाची.

"सर, म्हाताऱ्या पेशंटना तुम्ही प्रोटीन किती सांगता?"

"सांगतच नाही. तेच शिकायला आलोय."

रक्त तपासलं. किडनी ठणठणीत होती. मग जेवणात डाळ, पनीर, दही वाढलं. रात्रीचा टोस्ट बंद झाला. बैठक उंच व्हावी म्हणून खुर्चीवर दोन उशा ठेवून उठबशा सुरू झाल्या. सरलाताई कुरकुरल्या, "या वयात शिक्षा करताय का मला?" पण दर सोमवारी वेळेवर हजर. महिन्याने एक उशी गेली, नंतर दुसरी. जिना आधी अर्धा, मग पूर्ण. बाकीच्या पेशंटनाही आता कंपाउंडर खुर्चीत बसवेना. डॉक्टर दारापासून त्यांची चाल बघत.

तीन महिन्यांनी स्वरूपा पुन्हा आली. डॉक्टरांनी घड्याळ हातात घेतलं: हात न टेकता पाच उठबशा, पंधरा सेकंदांच्या आत. सरलाताईंनी हात छातीशी बांधले आणि उठल्या. बसल्या. पुन्हा उठल्या. चौथ्या वेळी पाय थरथरले, पण पाचव्यांदा त्या ताठ उभ्या होत्या.

"तेरा सेकंद!" डॉक्टर पोराटोरांसारखे ओरडले.

स्वरूपाने डोळे पुसले. "मग आई, त्या खोलीचं काय करू?"

"राहू दे की," सरलाताई पर्स खांद्याला अडकवत म्हणाल्या. "येईन मी. शनिवारी येईन आणि रविवारी माझ्या घरी जाईन."

मुलीने सवयीने पुढे केलेला हात त्यांनी नुसता थोपटला आणि त्या एकट्याच दाराकडे चालू लागल्या. डॉक्टर त्यांची चाल शेवटपर्यंत बघत राहिले.