बुवांनी दिलेलं उपरणं

या, असे जवळ सरकून बसा. मोगऱ्याच्या वाडीतली एक गोष्ट ऐकवायची आहे.

वसईचा तुळशीदास दुसऱ्यांच्या वाड्यांत मोगऱ्यावर किडीचं औषध फवारायचा. सकाळी पाठीवर पंप, संध्याकाळी देवळात कीर्तनाला हातात झांज. गेल्या हरिनाम सप्ताहात कीर्तनकार बुवांनी त्याच्या गळ्यात उपरणं घातलं, तेव्हा गडी ढसढसा रडला होता.

आणि त्यानंतरच त्याचं बिनसलं. बुवांनी अभंग धरला की छाती धडधडायची, हात थरथरायचे, ताल सुटायचा. झोप उडाली. बायकोवर, सुभद्रेवर, उगाच खेकसायचा.

"देव रुसलाय गं. नेमकं त्याच्यासमोर बसलो की जीव घुसमटतो."

"दोन उपास वाढवलेत, आता चहाही सोडा. म्हणजे देवाला रुसायला नुसती हाडंच उरतील," सुभद्रा म्हणाली.

एका संध्याकाळी तो झांज देवळातच ठेवून निघाला. सुभद्रेला सापडला तो वाडीतल्या तळ्याच्या, बावखलाच्या काठावर, पाय पाण्यात सोडून.

"काय करताय?"

"पाणी किती खोल आहे ते बघतोय."

ती शेजारी टेकली, त्याचा दंड घट्ट धरला आणि त्याच्याच गळ्यातल्या उपरण्यानं आपले डोळे टिपले. डोळे चरचरले. उग्र वास नाकात शिरला.

"कीर्तनात गळ्यात असतं तेच हे फवारताना तोंडाला बांधता?"

"बुवांचा आशीर्वाद आहे. औषध बाधत नाही."

"धुतलं कधी?"

"त्याला साबण कसा लावू?"

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्त घेतलं, पंप कुठे गळतो तेही विचारलं. "हे विष कातडीतून आत जातं, माणसाचं मनही नासवतं. भक्ती कमी पडली असं समजू नका. फवारणी बंद, हे कापड पिशवीत बांधून टाका. आता खरं सांगा, जीव द्यावासा वाटतो?"

तुळशीदासानं सुभद्रेकडे पाहिलं. मग हो म्हणून मान हलवली. डॉक्टरांनी मनाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. "यांना एकटं सोडू नका," सुभद्रेला बजावलं.

पंप गेला, उपरणं गेलं. बेचैनी अजून गेलेली नाही. कीर्तनात मध्येच उठून तो देवळाभोवती फेऱ्या मारतो, सुभद्रा मागे चालते. परत येऊन बसला की मृदंगवाला धनेश हात जरा संथ करतो, आणि तुळशीदास रिकाम्या हातांनी टाळी धरू बघतो.

देवाला मोगरा वाहाल ना, तेव्हा त्या तुळशीदासाची आठवण असू द्या.