चिंगीची पहिली बोली

देव कुणाला काय देईल आणि काय द्यायचं विसरेल, याचा नेम नाही. तीनवार आजोबांना त्याने गळा दिला, तो असा की लिलावघराच्या शेवटच्या रांगेत डुलकी काढणाराही दचकून बोली लावायचा. पण तो आवाज बारीक करायची कळ द्यायला मात्र देव साफ विसरला. आजोबांनी जन्मभर जुनी कपाटं, झुलत्या खुर्च्या, बंद पडलेली घड्याळं हातोडी आपटून विकली. 'एक वार, दोन वार, तीन वार' पुकारता पुकारता तेच नाव त्यांना चिकटलं.

त्याच गळ्याने घात केला. नात दवाखान्यातून घरी आली, तेव्हा सुनेच्या कुशीत मुठी आवळून झोपलेल्या त्या गाठोड्यावर आजोबा मायेने वाकले आणि म्हणाले, "काय चिंगे, आलीस का?"

चिंगीने दोन्ही हात असे फेकले, जणू अंगाखालचा पलंगच कुणी ओढून घेतला. मग तिने जो टाहो फोडला, तो ऐकून आजोबांना मनातून अभिमानच वाटला. गळा घरातलाच होता. पण ते बोलून दाखवायची ती वेळ नव्हती. आजीने त्यांना दंडाला धरून खोलीच्या उंबऱ्याबाहेर काढलं.

"लेकरू आहे, कपाट नाही," आजी म्हणाली. "आता ती स्वतः बोलेल, तेव्हाच आत यायचं."

"अगं, बोलायला वर्ष लागेल तिला."

"लागू दे. तेवढीच माझ्या कानांना विश्रांती."

आजोबांना नातीला एकदा हातात घ्यायचं होतं, बाकी काही नको होतं. पण आजीचा शब्द म्हणजे हातोडी, एकदा पडली की पडली. त्यांनी उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकली आणि तिथूनच चिंगीची वाढ बघू लागले, ती अर्थात धंद्याच्या नजरेने. सुरुवातीला सगळा माल बंद होता. डोळे मिटलेले, मुठीही मिटलेल्या. पुढे डोळे उघडे राहू लागले, पण नजर कुठे ठरेना. मग ती खिडकीच्या पडद्यावर ठरली, नंतर आजीच्या चष्म्यावर. पालथं घातलं की डुगडुगती मान क्षणभर उचलून चिंगी साऱ्या खोलीकडे असं बघायची, की यातलं काहीच तिच्या मनास येत नसावं.

"गिऱ्हाईक चोखंदळ आहे," आजोबा पुटपुटले.

पुटपुटले, हे महत्त्वाचं. ते दबक्या आवाजाचा सराव करत होते. लिलावघरातही त्यांनी तो करून पाहिला. एका झुंबराची बोली कुजबुजत पुकारली, तर म्हाताऱ्याने झुंबर आतल्या आत कुणाला तरी देऊन टाकलं असा बोभाटा झाला. मालकाने त्यांना पाणी पाजलं आणि कपाळाला हात लावून ताप बघितला.

घरी मात्र सराव फळला. एका सकाळी आजी स्वयंपाकघरात होती, सून न्हाणीघरात. दाराशी ठेवलेल्या पाळण्यात चिंगी जागी होती. आजोबा उंबऱ्याबाहेर बसूनच पुढे वाकले. हाताला एक मोजा लागला होता.

"हा लाल मोजा," ते हळूच म्हणाले. "जोडीदार हरवलाय, पण रंग पक्का. कोण बोलतंय?"

चिंगीची नजर मोज्यामागोमाग फिरली. ओठांचा चंबू झाला. घशातून आलं, "हूं."

तीनवार थिजले. लिलावघरात पुरं वाक्य कोण बोलतं? कुणी भुवई उडवतं, कुणी 'हूं' करतं, आणि तो 'हूं' सहीइतका पक्का असतो.

मोजा चिंगीच्या नावावर सुटला. पाठोपाठ खुळखुळा सुटला, दुपट्याचं टोकही. आजोबांना धीर आला.

"आता शेवटचा माल. जुना म्हातारा. दात थोडे, गुडघे किरकिरे, आवाज मोठा. आहे तसा न्यायचा. कोण बोलतंय?"

चिंगीने पाय झाडले. मूठ तोंडात घातली. मिशीकडे टक लावून बघत राहिली. आजवर माल विकला होता, माल होऊन उभं राहणं काय असतं ते आज कळत होतं. 'देवा, फुकट जाऊ दे, पण जाऊ दे,' त्यांनी डोळे मिटून विनवलं.

"हूंऽ," चिंगी म्हणाली.

"एक वार," आजोबा कुजबुजले. "दोन वार."

इथे घोटाळा झाला. जिभेला जन्माची सवय. 'तीन वाऽऽर' अशी गर्जना उठली की तावदानं थरारली, आणि हात पाळण्याच्या दांड्यावर हातोडीसारखा पडला.

आजी हातातला डाव घेऊन धावली. सून डोक्याला टॉवेल गुंडाळून आली. तिघंही पाळण्याकडे बघू लागले.

चिंगीने हात फेकले नाहीत. ओठही काढला नाही. मान वळवून तिने आजोबांकडे पाहिलं आणि बोळकं भरून हसली.

"बाबा, दचकायचं वय सरलं वाटतं हिचं," सून म्हणाली.

आजीने डाव रोखला. "अहो, ठरलं काय होतं? ती बोलेल तेव्हा."

"बोलली ना. बोली लावली तिने."

"कशावर?"

"माझ्यावर. सुटलो मी तिला. आता माल ज्याचा त्याला पोचवायला नको?"

आजीने पाळण्यात डोकावून पाहिलं. "काय गं, घेतलास का हा माल?"

"हूं," चिंगी म्हणाली.

आजीचा डाव खाली आला. "ने बाई. इतकी वर्षं मी गिऱ्हाईकच शोधत होते." मग उंबरा ओलांडून आलेल्या आजोबांच्या हातांवर तिने नातीला हलकेच ठेवलं. "मानेखाली हात धरा नीट. आणि चिंगे, तूही ऐकून ठेव. लिलावातला माल परत घेत नाहीत."