मेली अजून आली नाही

मी कडी बोलतेय. दारावरची, पितळेची. ऐकू येत नसेल तर कानातली ती बोंडं उपटा आणि मग ऐका. आणि ‘जरा टाइप करून पाठव’ असं कोणी म्हणालं, तर त्याच्या कपाळावर वाजेन.

शाळेत मी गेले नाही. जे शिकले ते दारावर लोंबकळत शिकले. पण माणूस मला वाचता येतो. हात लावला की कळतं, कोण आहे आणि कशाला आलंय.

माझा जन्म एका कळशीपासून झाला. मालनच्या आईची कळशी, कणकवलीकडची. बुडाशी गळायला लागली, तेव्हा सगळे म्हणाले मोडीत घाला. मालन कसली ऐकते! लग्न होऊन घाटकोपरला आली ती फुटकी कळशी काखेत मारूनच. नवरा दशरथ गिरणीत साच्यावर कापड विणायचा, भटवाडीच्या चाळीत एक खोली. त्याने ती ओताऱ्याकडे नेली आणि तिची एक कडी आणि एक कोयंडा ओतून आणला. आता तुम्हीच सांगा, विहिरीवरच्या बायकांच्या गप्पा ऐकत जिचं पितळ मुरलं, ती गप्प कशी बसणार?

चाळीत मला उसंत नव्हती. दूधवाला खण्णकन एकदाच वाजवायचा. पोरं खेळताना उगाच हाणून पळायची. आतून मालन ओरडायची, “कोण?” बाहेरून उत्तर यायचं, “मी.” झालं! ओळख पटली. ज्याला नाव सांगावं लागे तो परका. आपल्या माणसाचं नाव त्याच्या आवाजातच असतं.

शेजारची नंदा तर मला बडवायचीच. ती देवगडची. दोघींचं जमायचं ते भांडणापुरतं, आणि भांडण संपायचं ते चहापुरतं.

“उघड गो मेले! काय झोपा काढतंस?”

“मेली दोन मिनटं दम धरीत नाय! भाकरी करपली ना माझी!”

कोकणच्या बायकांच्या तोंडी ‘मेली’ ही शिवी नव्हे. परक्या बाईला ‘अहो ताई’ म्हणायचं. जिला ‘मेली’ म्हणतात ती जिवाची. हे नीट लक्षात ठेवा, पुढे यावरूनच सगळं रामायण घडलं.

आणखी एक सांगते. दशरथ हॉस्पिटलात वारला, त्या दिवशी गिरणीतल्या त्याच्या खात्यातला एक जोडीदार निरोप घेऊन आला. त्याचा हात उठेना. त्याने मला नुसतं उचललं आणि हळूच खाली ठेवलं. तेवढ्या आवाजावर मालनने आतून हंबरडा फोडला. एक अक्षर बोललं गेलं नव्हतं, पण पोचायचं ते पोचलं.

मग चाळ पडली, टॉवर उभा राहिला. जुनी दारं ट्रकमध्ये भरत होते तेव्हा मालनने स्वतः हातोडी घेऊन मला काढलं. कोयंडा चौकटीत रुतून बसला होता, तो गेला देवनारच्या कचऱ्यात. कडी-कोयंडा म्हणजे जोडपं. मालनचा जोडा आधी गेला, माझा नंतर.

तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या दारावर मला ठोकायची वेळ आली तेव्हा तिचा मुलगा नितेश म्हणाला, “आई, या लॅमिनेटवर ही? लोक हसतील.”

“हसू देत. हसायला तरी येतील.”

कोणी हसायलाही आलं नाही.

आधी बेल आली. ती मी सहन केली. बेल निर्बुद्ध असते, राजाने दाबली काय नि चोराने दाबली काय, एकच सूर. पण निदान माणूस दारापर्यंत येऊन बोट तरी लावायचा. आता तेही गेलं. बाहेर उभे राहतात आणि अंगठ्याने लिहितात, ‘दारात आहे’. अरे मेल्या, दारात आहेस तर दार वाजव की! तुझ्या नाकापासून वीतभर अंतरावर मी लोंबतेय! त्याची मान खाली, आतल्याची मान खाली, आणि मधल्या मधे मी. शिसारी येते मला.

पूर्वी हळदीकुंकवाला बायका कुंकवाची कोयरी घेऊन दारोदार आमंत्रण करत. दोन शब्द जास्त बोलत, कोणाची सून रुसली, कोणाचं पोट दुखतंय, सगळं उंबऱ्यात कळायचं. आता एक गुलाबी चित्र येतं. ‘सर्वांनी यावे.’ सर्वांनी म्हणजे कोणीच नाही! त्याखाली पन्नास अंगठे उगवतात, आणि वाणाच्या डब्या उरतात.

आणि घरात? नितेशची बायको दिशा आतल्या खोलीतून स्वयंपाकघरात लिहून पाठवते, ‘आई चहा’. एकदा मालन चहाचा कप घेऊन गेली आणि दारातच उभी राहिली.

“तोंडाला काय झालं गं तुझ्या?”

“आई, मी कॉलवर होते. आणि तुम्हाला हाक मारली की तुम्ही तासभर बोलता ना!”

“बोलते. जिवंत आहे म्हणून बोलते.”

पोरगी वाईट नाही, मालनच सांगते. नसेल. पण भिंतीपलीकडच्या माणसाला लिहून चहा मागायचा, ही रीत कुठली? तुरुंगात तरी भिंतीवर टकटक करतात.

गेल्या महिन्यात नितेशने ठरवलं, दाराला बोटाच्या ठशावर उघडणारं कुलूप बसवायचं. शनिवारी माणूस येणार. मला काढावंच लागणार होतं.

“कडी राहील,” मालन म्हणाली.

“आई, तिला हात लावून गेल्या वर्षात कोण आलंय सांग ना. एक नाव सांग.”

मालन बोटांवर मोजायला गेली आणि पहिल्याच बोटावर अडली. म्हणून ती आणखी चिडली. “येतील. माणसं आहेत अजून या बिल्डिंगीत.”

“बरं, पैज! शनिवारपर्यंत एकाने जरी कडी वाजवली, तर कुलूप परत पाठवतो.”

“आणि नाही वाजवली, तर मी स्वतः काढून देईन.”

मालनचा शब्द म्हणजे शब्द. पैज लागली आणि मी दिवस मोजायला लागले. सोमवार गेला, मंगळवार गेला. जिन्यात पावलं वाजायची, लिफ्टचं दार उघडायचं, पण माझ्याकडे कोणी वळेना.

बुधवारी खाली सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांचं भजन असतं. मालन कधी चुकवत नाही. पण त्या दिवशी बाथरूममध्ये पाय मुरगळला, घोटा टम्म सुजला. घरात कोणी नव्हतं. दार किलकिलं करून ती दाराशीच खुर्ची टाकून बसली.

नंदा आता सातव्या मजल्यावर राहते. खाली हॉलमध्ये ती मालनची वाट बघत होती. टाळ हातात घ्यायच्या आधी तिने बायकांच्या ग्रुपवर लिहायला घेतलं, ‘मालन मेली अजून आली नाही’. पण मेला अंगठा! दोनच शब्द लिहून झाले आणि निरोप सुटला.

‘मालन मेली’.

मग तिने खाली उरलेलं लिहिलं, ‘अजून आली नाही भजनाला’, फोन पिशवीत टाकला आणि टाळ उचलले. हॉलमधल्या सगळ्याजणींचे फोन पिशव्यांतच होते. पण वर घराघरातल्या बायकांचे हातात होते. नंदाची दुसरी ओळ येईपर्यंत पहिलीखाली हात जोडलेही गेले होते. मग हातांवर हात, हातांवर हात, आणि दुसरी ओळ त्या गर्दीत चिरडून गेली.

मालनचा फोन वाजला. ती सगळं मोठ्याने वाचते, म्हणून मला कळलं. आधी ती खो खो हसली. “मेली नंदा! मारलंन् मला!” खुलासा लिहायला बोट पुढे केलं, आणि तिथेच थांबवलं.

“थांब,” ती मला म्हणाली. हो, मलाच, दुसरं होतं कोण? “मेलेल्या बाईच्या दारात तरी माणसं येतात. कोणीतरी तुला वाजवेल बघ.”

आणि आम्ही दोघी वाट बघत बसलो.

समोरच्या दारातली श्वेता. तिच्या दारातून मालनच्या दारात यायला लुगडंही सावरावं लागत नाही. तिने समईचं चित्र पाठवलं. ‘फार प्रेमळ होत्या. आमच्या कायम आठवणीत राहतील.’ आत तिची मालिका चालू होती, आम्हाला संवादसुद्धा ऐकू येत होते. रेवतीने विचारलं, ‘मालन म्हणजे कोण? ए विंगच्या का?’ सेक्रेटरी भाऊंच्या बायकोने नवऱ्याचा निरोप टाकला, ‘कृपया शववाहिनी बी विंगच्या पार्किंगमध्ये लावू नये.’ आणि एकीने चुकून की काय, गुलाबाचं फूल आणि ‘शुभ संध्या’.

मालन वाचत गेली. आधी हसत, मग नुसती. मग तिने चष्मा काढला.

“दोन पावलं ये ना गं,” ती श्वेताच्या बंद दाराकडे बघून पुटपुटली. “मढं तरी बघून जा.”

तेवढ्यात लिफ्ट उघडली. पावलं थेट आमच्याकडे आली. मालन खुर्चीत ताठ झाली. माझं पितळ तापलं. एक खोका खाली टेकल्याचा आवाज आला, दाराचा आणि खोक्याचा फोटो निघाला, आणि पावलं परत गेली. त्या फोटोत मी आले असेन. मला हात लागला नाही.

मग मालन उठली. दशरथच्या पेटीतला पेचकस काढला आणि माझे स्क्रू एकेक करून सोडवले. मला मुठीत धरलं, दुसऱ्या हातात काठी, आणि लंगडत समोरच्या दारावर जाऊन मला अशी हाणली, अशी हाणली, की चाळीतले दिवस आठवले!

श्वेताने दार उघडलं आणि किंचाळलीच.

“मढं आलंय,” मालन म्हणाली. “तोंडात पाणी घालतेस?”

“काकू! अहो... मी... मी लगेच मेसेज केला होता...”

“मेसेज पोचला. तू नाही पोचलीस.”

मग लिफ्टने खाली, भाऊंच्या दारावर. भाऊ बनियनवर आले.

“भाऊ, पार्किंगची काळजी करू नका. मी चालत आलेय.”

भाऊंनी आधी तिच्याकडे बघितलं आणि मग, देवाशपथ, हातातल्या फोनकडे बघितलं. खात्री करायला! समोर बाई उभी आहे, बोलतेय, आणि हा ती जिवंत आहे का ते काचेत बघतोय! थू!

शेवटी हॉल. भजन संपलं होतं. नंदा पाठमोरी बसून टाळ गुंडाळत होती. मालनने मला चौकटीवर वाजवलं. एकदाच, आणि फार हळू. तिचाही हात आता उठत नव्हता.

नंदाने मान वळवली नाही. “कोण?”

“मी.”

“मेले! आत्ता उगवतंस? शिरो संपलो!”

तोच शब्द. काचेवर उमटला तेव्हा त्याने सुतक आणलं. नंदाच्या तोंडून आला आणि मालनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं.

“काय झाला गो? पायाक काय झाला?” नंदा टाळ टाकून धावली. कोणीतरी तिला फोन दाखवला तेव्हा तिने कपाळ बडवून घेतलं. मग मालनचा सुजलेला पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि चोळत चोळत बिल्डिंगीतल्या सगळ्यांना अशा अस्सल शिव्या घातल्या, की त्या मी इथे सांगत नाही.

दिशाने तो ग्रुप गप्प करून ठेवला होता. सासू मेली आणि उठली, दोन्ही तिला रात्री घरी आल्यावर एकदमच कळलं.

शनिवारी कुलूपवाला आला. नितेश मान खाली घालून म्हणाला, “आई, राहू दे. कडी लाव परत.”

“का? कोणी वाजवली? नाही ना? मी हरले. बसव तुझं कुलूप.” हरली ती अशी, ताठ मानेने.

आता मी दारावर नाही. मालनच्या पिशवीत असते, चष्म्याच्या डबीला खेटून. पाय बरा झाल्यापासून रोज संध्याकाळी ती मला घेऊन निघते आणि एकेक दार बडवते. ग्रुपवर लगेच सूचना आली, ‘कृपया बेल वाजवावी, दारांना ओरखडे पडतात.’ पडोत! बहुतेक दारं उघडतच नाहीत. आतून दारातल्या त्या काचेच्या भोकाला डोळा लागतो, काळोख होतो, आणि मालनच्या फोनवर येतं, ‘काकू काही काम होतं का?’ काम! माणसाला माणसाकडे आता काम असावं लागतं!

एक तेवढं सातव्या मजल्यावरचं दार आहे. तिथे मी वाजते तशी कुठेच वाजत नाही.

माझं पितळ काळवंडलंय, कडा झिजल्यात. उद्या मालन खरंच गेली की मी मोडीत जाणार, मला ठाऊक आहे, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. पण तोवर आम्ही येणार. तुमच्याही दारावर येऊ. पितळ वाजलं की फोनकडे बघू नका, भोकाला डोळा लावू नका. घसा मोकळा करा आणि मोठ्याने विचारा, “कोण?”

नाव सांगणार नाही. आवाज ओळखायचा.

“मी.”