चार माणसांचा तंबू

दुकानात शिरल्या शिरल्या सगळ्यांची नजर गेली उभारलेल्या तंबूंवर, आणि तिची गेली तंबूंच्या आत अंथरलेल्या गाद्यांवर. हल्ली तिचं असंच व्हायचं. कुणाच्या घरी गेली तर पडदे कसे, भांडी कशी हे काही डोळ्यांत भरायचं नाही. कोपऱ्यातला पलंग तेवढा दिसायचा.

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या, हे तिचं काम. बारा वर्षांत एक काच वाकडी बसली नव्हती. गेल्या पंधरवड्यात मात्र एका गृहस्थांच्या चष्म्यात तिनं डावी काच उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवून दिली. दुसऱ्या दिवशी ते भिंतीला धरून धरून आले. म्हणाले, "बाई, जमीन तिरकी दिसतेय हो." मालकानं तो चष्मा मुकाट्यानं तिच्या टेबलावर आणून ठेवला आणि निघून गेला. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. चूक का झाली हे तिला पक्कं ठाऊक होतं. दोन वर्षं तिच्या डोळ्याला धड डोळा लागला नव्हता.

याचं कारण म्हणजे तिचे सासरे. त्यांना सगळे आबा म्हणत. पन्नास वर्षं त्यांनी शिंपीकाम केलं होतं. आता नातवंडांची नावं विसरायचे, जेवलो की नाही हे विसरायचे, पण सकाळी दुकान उघडायचं आहे हे काही विसरायचे नाहीत, आणि त्यांची सकाळ रात्री केव्हाही व्हायची. सुरुवातीला तिचा नवरा त्यांच्या खोलीत निजायला गेला. दुसऱ्याच रात्री आबा दार उघडून जिना उतरून खाली गेले, शेजाऱ्यांनी त्यांना परत आणून सोडलं, घरभर दिवे लागले, आणि हा पठ्ठ्या घोरतोच आहे! त्याची झोप गाढ आहे, असं मग सगळे म्हणाले. गाढ झोप हा जणू त्याला जडलेला आजारच, आणि आजारी माणसाला कोण काय बोलणार? तेव्हापासून ती आबांच्या खोलीत दाराला पाठ लावून, चटई टाकून झोपायची. झोपायची हे आपलं म्हणायला.

सुट्टीत तळ्याकाठी तीन दिवस तंबू ठोकून राहू, ही कल्पना तिचीच. नवऱ्याला आश्चर्यच वाटलं. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरून तारा आणि चाकं दुरुस्त करणारा माणूस तो, त्याला सुट्टीत मोकळं आभाळ हवंच होतं. मुलं तर नाचायलाच लागली. आबांना तीन दिवस नणंदेकडे ठेवावं, असं आधी ठरलं होतं. पण एकदा ठेवून पाहिलं, तर पहिल्याच संध्याकाळी नणंदेचा फोन आला. "वहिनी, घेऊन जा गं यांना. मला टाकून गेले का, मला टाकून गेले का, एवढंच विचारताहेत." तेव्हा आबाही येणार हे ठरलं. हवापालट झाला की म्हातारी माणसं शांत झोपतात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. त्यावर तिनं विश्वास ठेवला. थकलेला माणूस कशावरही विश्वास ठेवतो.

म्हणून आज पाचही जण दुकानात आले होते. मोठी तेरा वर्षांची लेक, तिला घरात सगळे ताई म्हणत. सहा वर्षांचा बारक्या. नवरा, ती, आणि तिच्या हाताला धरून आबा.

दुकानदार चांगला गलेलठ्ठ होता. दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेले, पण तंबूत शिरताना चपळाई पोराटोराची. त्यानं आबांना एका घडीच्या खुर्चीत बसवलं आणि बाकीच्यांकडे वळला.

"दादा, कापड किती जाड आणि दांडे कशाचे, ते मागाहून बघू. माझी एक पद्धत आहे. चपला काढा, आत जा आणि घरी जसे झोपता तसे झोपा. ज्याच्या शेजारी जो झोपतो तसाच. पाच मिनिटं. माणूस उभा असला की काहीही पसंत करतो. आडवा झाला की खरं बोलतो."

"आम्ही पाच जण आहोत," नवरा म्हणाला.

"आधी हा चारचा बघा. काय कमी पडतं ते कळेल."

आबांनी मधल्या वेळात जवळच्या तंबूची कड हातात घेतली होती आणि ते शिवणीवरून अंगठा फिरवत होते. "दुहेरी आहे," ते दुकानदाराला म्हणाले. "पण कोपऱ्यात घाई केलीय. कोपऱ्यातच माणसाची परीक्षा असते." दुकानदारानं वाकून कोपरा पाहिला आणि डोकं खाजवलं. म्हातारबाबांचं म्हणणं खरं होतं.

चौघं आत गेली. नवरा एका कडेला पसरला. ताई त्याच्यापासून हातभर लांब, आणि तिच्या कुशीत बारक्या. ती मात्र गुडघ्यांवर बसूनच राहिली. आपण कुठे झोपायचं हे तिला सुचेना.

"वहिनी, तुम्ही?" बाहेरून दुकानदारानं विचारलं.

"आई आमच्यात नसते," बारक्यानं परस्पर सांगून टाकलं. "ती आबांकडे असते."

"बरं, मग आज या तुमच्यात," दुकानदार हसून म्हणाला.

ती बारक्याच्या शेजारी आडवी झाली. त्याच्या केसांना खडूचा आणि घामाचा वास होता. त्यानं आपला पाय सवयीनं तिच्या पोटावर टाकला. म्हणजे सवय मोडली नव्हती तर, दोन वर्षं तो नुसता वाट बघत होता. तिला भरून आलं. आता पाच मिनिटं आपण याच्याकडे बघत राहायचं, असं तिनं ठरवलं, आणि त्याच क्षणी तिला झोप लागली.

खुर्ची कुरकुरली तशी ती ताडकन उठून बसली. चेन उघडून ती बाहेर आली तेव्हा आबा उभे राहत होते, एक हात हवेत आधार शोधत होता. तिनं तो धरला. "कुठे निघालात, आबा?"

"दुकान उघडायचंय."

"आज सुट्टी आहे. बसा."

आबा बसले. दुकानदार दोन पावलांवर उभा होता, पण त्याचं लक्षच नव्हतं. तो तिच्याकडे बघत राहिला. "वहिनी, तुम्ही चक्क झोपला होतात. मी म्हटलं असू दे, उठवायला नको. तुम्हाला कळलं कसं?"

ती नुसती हसली. तंबूत तिघं तशीच पडून होती. नवऱ्याचा तर घोरण्याचा पहिला सूर लागलाही होता.

"तुम्हाला दोन खोल्यांचा दाखवतो," दुकानदार म्हणाला, आणि त्यानं सगळ्यांना दुकानाच्या मागच्या भागात नेलं.

तो तंबू खरोखरच ऐसपैस होता. मध्ये उभं राहण्यापुरती जागा, दोन्ही बाजूंना एकेक झोपायची खोली, प्रत्येक खोलीला आपली वेगळी चेन. नवरा आत डोकावला आणि खूश झाला. हा माणूस मनानं वाईट मुळीच नव्हता. रोजच्या जेवणात मीठ कमी पडलं तरी एका अक्षरानं बोलायचा नाही. म्हणूनच पुढचं वाक्य तो इतक्या सहज बोलून गेला.

"हाच घेऊ! या खोलीत आम्ही तिघं, त्या खोलीत तू आणि आबा. अगदी घरच्यासारखं!"

"बघा, अचूक बसला," दुकानदार म्हणाला.

ती त्या दुसऱ्या खोलीकडे बघत राहिली. तळ्याकाठची आपली खोली तिला दिसली. दाराशी आपण, आत आबा, आणि पलीकडच्या पडद्याआड तिघांची कुजबुज आणि हसणं. सकाळी बारक्या सांगणार, आई, काल किती मजा झाली. गाद्या, पांघरुणं, औषधं, आबांचे सुके कपडे, एवढं सगळं लादून इतक्या लांब जायचं ते जागं राहण्याची जागा बदलायला. तिला रडूही आलं नाही. रडायला सुद्धा थोडी ताकद लागते.

"नको," ती म्हणाली. "चारचाच घेऊ."

नवरा गोंधळला. "अगं, पण आबा? माझ्या बहिणीकडे तर ते राहत नाहीत."

"आबा येतील. तुम्ही, ही दोघं आणि आबा. झाले चार." तिनं बोटांवर मोजून दाखवलं. "मी येत नाही."

दुकानदारानं शहाण्यासारखं एका खुंटीवरची धूळ पुसायला घेतली.

"आई, पण ही ट्रिप तर तुझी होती," लेक म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "तुला आमच्याबरोबर यायचं नाहीये का?"

"यायचंय गं." तिनं लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. "खूप यायचंय. पण त्याहून जास्त मला झोपायचंय. सांगायला लाज वाटते, पण आहे हे असं आहे."

"तीन दिवस घरी एकटी काय करणार तू?" नवऱ्यानं विचारलं.

"झोपणार."

"आणि मग?"

"मग उठून पाणी पिणार आणि परत झोपणार."

बारक्याला हसू आलं. नवऱ्याला आलं नाही. तो आबांकडे बघत होता, आणि एखादी बंद पडलेली लिफ्ट खालून वर न्याहाळताना जशी त्याच्या कपाळावर आठी पडे तशी पडली होती. मग त्यानं हलक्या आवाजात विचारलं, "रात्री आबा उठतात तरी किती वेळा?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. दोन वर्षं. त्याच घरात, एका भिंतीपलीकडे. आणि हा माणूस आज, दुकानात उभा राहून, परक्यासारखं विचारतोय.

"चार वेळा," ती म्हणाली. "कधी पाच. पहिल्यांदा पाण्यासाठी. नंतर दोनदा दुकान उघडायला. पहाटे कपडे ओले होतात, तेव्हा ते स्वतःच लाजतात, दिवा लावायचा नाही. अंधारातच बदलायचे. डाव्या बाजूनं धरायचं, उजवा खांदा दुखतो. ओरडायचं नाही. गिऱ्हाईक संध्याकाळी येणार आहे म्हणून सांगायचं, मग ऐकतात."

"मला कधी बोलली नाहीस."

"बोलले होते. एकदा नाही, चारदा. तुम्ही हं म्हणालात."

"मी? कधी?"

"झोपेत."

नवऱ्यानं मान खाली घातली. मग तो सगळ्यांना घेऊन पुढच्या त्या चारच्या तंबूपाशी गेला, त्यानं चपला काढल्या आणि तो दुकानदाराला म्हणाला, "परत एकदा झोपून बघतो. पाच मिनिटं."

मुलं आत गेली, आपापल्या जागी पडली. नवऱ्यानं आबांना डाव्या बाजूनं धरलं, जरा अवघडूनच, नवी कामगिरी मिळालेल्या माणसासारखं. वाकवून, बसवून, हळूहळू आडवं केलं. आणि स्वतः त्यांच्या आणि दाराच्या मध्ये पाठ टेकली. एवढा धिप्पाड गडी, पण पाय पोटाशी घेऊन मावला. चौघं अगदी बेतशीर बसली. पाचव्याला जागा नव्हती.

ती बाहेर उभी होती. आतून आबांचा आवाज आला. "ती कुठंय?"

"ती येणार नाही, आबा. मी आहे."

"तू कोण?"

तिचा एक पाय आपोआप उचलला गेला होता, हात चेनकडे गेला होता. मी इथेच आहे आबा, एवढंच म्हणायचं, की ते निवांत होतील. नेहमी होतात. आणि ते एकदा म्हटलं, की दाराशी पुन्हा तीच.

"मी तुमचा मुलगा, आबा," नवऱ्याचा आवाज आला. थोडा फाटलेला होता. मग परत, जास्त जवळून, "मी जागाय. झोपा तुम्ही. गिऱ्हाईक संध्याकाळी येणार आहे."

तिनं पाय खाली ठेवला.

"वहिनी," दुकानदारानं दबक्या आवाजात विचारलं, "काय करू?"

"हाच बांधून द्या," ती म्हणाली. "चारचा."