घोगरीचा खरा आवाज

इस्पितळाच्या चादरी माझ्या लाँड्रीत येतात. शाळा मी दोन इयत्ता शिकले, पण माझ्याइतकी सरळ घडी घालणारी कुणी असेल तर तिने येऊन दाखवावं. मोठ्या चादरीला दोघी लागतात, आणि गाणं लागतं. धृपद आलं की दोघींनी पुढे येऊन टोकाला टोक मिळवायचं, कडवं सुरू झालं की मागे सरायचं. ही पद्धत माझी आणि माझ्या धाकट्या बहिणीची, घोगरीच्या गाण्यावर बसवलेली.

घोगरी म्हणजे ती लोकगीतं गाणारी. नाव आम्हीच ठेवलं. जाडाभरडा, दमदार आवाज. बाई पोटातून गायची. इस्त्रीशेजारच्या फळीवर जुना विकत घेतलेला टेप आणि तिची एकच कॅसेट. त्यावर आम्हा दोघींचं तारुण्य गेलं.

मग धाकटी तिच्या कार्यक्रमाला जाऊन आली आणि भर गिऱ्हाइकांत म्हणाली, "ताई, तिचा आवाज बारीक आहे गं. आपण ऐकतो तसा नाहीच."

मी म्हटलं, आधी कान धुवून ये, नाहीतर येऊच नकोस. ती आलीच नाही. सहा वर्षं झाली. समोरच्या टोकाला आता सून असते. तिला धृपद कधी येतं तेच कळत नाही.

परवा टेप बंद पडला. मुलाने दुरुस्त करून आणला, लावला, तर कुणी पोरगी चिरकत होती. गाणं नुसतं पळत होतं. सून पुढे आली तेव्हा मी मागेच, आणि धुतलेली चादर फरशीवर.

मी तरातरा दुरुस्तीवाल्याकडे गेले. माझी कॅसेट बदललीस म्हणून चारचौघांत त्याची अब्रू काढली. त्याने रबराचा एक लोंबता पट्टा माझ्या हातात ठेवला. इस्त्रीच्या धगीने हा कधीचाच सैल पडला होता म्हणे. टेप हळू फिरायचा, म्हणून आवाज जाड यायचा.

"आता ती गाते तशीच ऐकू येते, मावशी."

घरी येईपर्यंत मी सगळ्यांवर जळफळत होते. त्याच्यावर, पट्ट्यावर, टेप त्या फळीवर कुणी ठेवला त्याच्यावर. ठेवला मीच होता. सर्वांत जास्त राग धाकटीचा. खरं बोलत होती तर भांडायचं होतं माझ्याशी. माझीच बहीण ना?

फोन लावला. नंबर तोंडपाठ निघाला, त्याचाही राग आला.

"उद्या ये," मी म्हटलं. "सुनेच्या घड्या वाकड्या येतात."

ती म्हणाली, "आणि घोगरी?"

"बारीकच आहे मेली."

पलीकडे ती हसायला लागली. थांबेचना.

"हसतेस काय," मी म्हटलं. "वेळेवर ये. गाणं आता भरभर चालतं, पाय उचलावे लागतील."